यमाजी पष्टे आणि खिंडीचे ऊन

मुरबाड तालुक्यात डोंगरकड्यांवरून किती धारा कोसळतात, हे मोजण्याची तसदी आजवर कोणत्याही कचेरीने घेतलेली नाही. ज्यांनी भूगोलाची पुस्तके लिहिली, त्यांनी एकतर घाटमाथ्यावरून खाली वाकून पाहिले किंवा कल्याणच्या बाजूने वर मान करून पाहिले. दोघांनाही ढगच दिसले आणि दोघांनीही ढगांचेच वर्णन लिहून आपली कर्तव्यपूर्ती केली. अशा या मुलखातील एक धार काचेवर उतरवावी, असा ध्यास शेवटी घेतला तो मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या एका कुणब्याने. त्याचे नाव यमाजी पष्टे.

यमाजीने तरुणपणी कल्याणच्या एका फोटोग्राफरकडे प्लेटी धुण्याचे काम केले होते. त्या गृहस्थाने म्हातारपणी दुकान मिटवले, तेव्हा आपला भात्याचा जुना कॅमेरा त्याने यमाजीच्या पदरात टाकला. सागवानी पेटी, पितळी भिंग, लाकडी तिपाई आणि डोक्यावर घ्यायचे काळे फडके, एवढा सरंजाम बैलगाडीत घालून यमाजी मुरबाडला परतला. दरवर्षी पौषात म्हसा गावी भरणाऱ्या बैलांच्या जत्रेत तो आपला पडदा टांगी. नवी जोडी घेतलेला शेतकरी बैलांच्या मध्ये उभा राही, आणि यमाजी फडक्यातून डोके बाहेर काढून ओरडे, "हलू नका! हाललात तर भूत होईल!" फोटोत उतरलेल्या धुरकट आकृतीला तो भूत म्हणे; ते ऐकून माणसे अशी ताठरत की डोळ्यावरची माशीही कोणी उडवीत नसे. म्हशाला येणाऱ्या सगळ्या पाड्यांना फोटोचे शास्त्र ठाऊक झाले होते ते एवढेच: हलायचे नाही.

प्लेटी धुण्याचे काम यमाजीची बायको गिरजा करी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गोणपाट लावून, तांबड्या कंदिलाच्या उजेडात ती काच औषधात हलवीत बसे. उजेड कमी पडून चित्र पातळ उतरले की पुरेसा मिळून दाट उतरले, हे तिला यमाजीच्या आधी कळे. ती शाळेत गेली नव्हती. म्हणूनच कदाचित तिला जे दिसे तेच ती बोले.

सन १९३७ च्या श्रावणात यमाजीने धारेचा पहिला फोटो काढला. डोळखांबच्या बाजूला जाणाऱ्या डोंगररांगेत मध्यावर एक माची आहे, तिच्यावर आठ घरांचा पाडा आहे, आणि वरच्या कड्याचे पाणी त्या माचीच्या भातखाचरांतून फिरून खालच्या घळीत कोसळते. त्या धारेचा, भर दुपारच्या उजेडात, माणसांच्या फोटोला देतात तसाच उजेड देऊन यमाजीने फोटो घेतला आणि ठाण्याला भरणाऱ्या शेती व उद्योग प्रदर्शनाच्या छायाचित्र-विभागाकडे पाठवला. दीड महिन्याने तो परत आला. मागच्या बाजूस कोणा विद्वान परीक्षकाने ठसठशीत अक्षरात लिहिले होते, 'चुन्याचा डाग दिसतो. धबधबा कोठे आहे?'

विद्वान माणसाला एक ओळ लिहायला काय लागते? ती ओळ यमाजीच्या घरात मात्र वर्षभर ठाण मांडून बसली. त्याने जत्रेत लक्ष देणे सोडले. येता-जाता तो लोट्यातून पाणी ओतून त्याच्याकडे बघत बसे. शेवटी गिरजेचा भाऊ भिमा आला. तो वाशिंदला रेल्वेच्या गँगमध्ये होता, आणि कल्याणच्या एका शेठला असा कॅमेरा हवा असल्याची खबर घेऊन आला होता. "इकून टाका," तो म्हणाला, "आन् दाजींना मी गँगवर लावतो. पानी बघून कोनाचं पोट भरलंय?"

गिरजेने दोघांकडे पाहिले आणि निवाडा केला. "येक पावसाळा. यंदा धारंचा फोटो ठान्याला पास झाला तर कॅमेरा घरात. नाय झाला तर दादा, तिथल्या तिथं तुझ्या शेठच्या हाती दे. मी आडवी येणार नाय."

यमाजीने हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? निवाडा घरातलाच होता.

त्या पावसाळ्यात तो चार वेळा माचीखाली जाऊन आला. चारही वेळा त्याला एकच गोष्ट कळली, आणि ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. धार पश्चिमेकडे तोंड करून होती. सकाळी सूर्य डोंगरामागे. म्हणजे वर आभाळ पेटलेले आणि धार काळ्या घळीत. आभाळाला पुरेल एवढा उजेड प्लेटेला द्यावा तर धार बुडे. धारेला पुरेल एवढा द्यावा तर आभाळ चुलीतल्या निखाऱ्यासारखे सगळे खाऊन टाकी. दुपारी ऊन समोरून येई तेव्हा पाण्याचा पुन्हा चुन्याचा डाग होई. आणि सकाळच्या दुसऱ्या प्रहरी दरीतून ढग असा वर चढे की स्वतःचा हात दिसू नये.

आश्विनात, प्लेटी फक्त दोन उरल्या असताना, यमाजी आणि गिरजा पाचव्यांदा गेले. कॅमेरा यमाजीच्या पाठीवर होता. काचेच्या प्लेटी गिरजेच्या डोक्यावर, टोपलीत, पेंढ्याच्या थरात. पाठीवर हिसका बसतो, डोक्यावर बसत नाही, असे तिचे म्हणणे, आणि ते खरे होते. या खेपेस ते खाली न थांबता माचीवर चढले. पाड्याचा कारभारी झिपरू नावाचा महादेव कोळी होता. दर जत्रेला तो यमाजीच्या पडद्यापुढे उभा राहिलेला. ओळख जुनी होती.

"फोटोवालं, आज वरती?" झिपरूने घोंगडी टाकली. "बस गो बय, टोपली उतर."

यमाजीने गाऱ्हाणे मांडले. उजेड कसा पाठीमागून येतो, आभाळ कसे खाते, धार कशी क्षणभर थारा घेत नाही, तिच्या हलण्यापायी सगळा डाग होतो, हे त्याने पोटतिडकीने सांगितले. झिपरू चिलीम हातात धरून ऐकत राहिला. मग तो सहज म्हणाला, "मंग खिंडीच्या उन्हात का नाय काढत?"

"कसलं खिंडीचं ऊन?"

"आता येतंय नव्हं चार दिस. उगवता सूर्य घळीच्या बाजूला त्या दोन सुळक्यांच्या मधी येतो, आन् उन्हाचा पट्टा आडवा येऊन धारंला लागतो. येक चिलीम वढून होईस्तवर ऱ्हातो, मंग सूर्य सुळक्याच्या मागं. त्यो पट्टा धारंच्या पायाला पोचला की आमी हळवा भात कापायला घेतो. आज कोपरापतुर आलावता. उद्या पायाला लागंल."

यमाजी उठूनच उभा राहिला. आडवा उजेड! आभाळाकडून नव्हे, बाजूने. पाण्याचा एकेक पीळ वेगळा दाखवणारा उजेड! शेकडो वर्षे हे ऊन पडत होते, माचीवरचे लोक त्यावरून कापणीचा दिवस ठरवीत होते, आणि ठाण्यात बसलेले विद्वान विचारत होते, धबधबा कोठे आहे.  त्याने झिपरूचे दोन्ही हात धरले.

"तुमी पहाटं त्या समोरच्या कातळावर जा," झिपरू म्हणाला. "पान्याचं मी बघतो."

पाण्याचे काय बघायचे असते, हे विचारायचे भान यमाजीला राहिले नाही.

पहाटे उठून दोघे पायवाटेने कातळावर उतरले. यमाजीने तिपाईचे तीन पाय खाचीत रुतवले, फिरक्या आवळल्या, फडके डोक्यावर घेतले. गिरजा टोपलीपाशी बसली आणि कान देऊन ऐकू लागली.

"अवो, आज धार बोलत नाय."

"गप, गिरजे. काच बसवू दे."

"नाय बोलत म्हनते मी. बघा तरी."

उजाडू लागले होते. यमाजीने फडके बाजूला केले आणि समोर पाहिले. घळीत काळा ओला खडक होता. वरून खाली शेवाळ्यावरून एक बोटभर ओघळ तेवढा झिरपत होता. धार नव्हती.

त्याला प्रथम वाटले, आपण चुकीच्या घळीसमोर आलो. मग त्याने वर पाहिले. धारेच्या उगमावर, माचीच्या अगदी कडेला, झिपरू कुदळ खांद्यावर टाकून उभा होता, आणि त्याच्या मागे पाड्यातली चार माणसे. सगळे हसत होते. झिपरूने हात हलवला. घळीतून त्याचा आवाज खणखणीत आला.

"काय फोटोवालं! कसं गप बसवलंय पानी! जरा तरी हालतंय का?"

 यमाजीला सगळा उलगडा एका क्षणात झाला. काल आपणच म्हटले होते, धार हलते म्हणून फोटो बिघडतो. म्हशाच्या जत्रेत दहा वर्षे आपणच ओरडत होतो, हलू नका. या भल्या माणसांनी पाहुण्यासाठी रात्रीतून दगडमातीचा बांध घालून ओढा अडवला होता आणि पाणी उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताच्या खाचरांत फिरवले होते. एवढी आस्था कोणत्या प्रदर्शनाने कोणत्या फोटोग्राफरला दाखवली असेल? आणि तीच आस्था आता त्याच्या मुळावर आली होती. पूर्वेच्या सुळक्यांच्या कडा पिवळ्या होऊ लागल्या होत्या.

"सोडा!" यमाजी बेंबीच्या देठापासून ओरडला. "पानी सोडा!"

"हालंल की!"

"हालू दे!"

"मंग भूत नाय का व्हायचं?" झिपरूने विचारले. मागची माणसे मान हलवू लागली. त्यांना शास्त्र ठाऊक होते.

यमाजीचा आवाज बसला. तेव्हा गिरजा उठली, पदर खोचला, आणि रानात गुरे परतवताना घालतात तशी लांब कुकारी घातली. सारी घळ दुमदुमली. "झिपरूदादाऽऽ! मानसाचं भूत व्हतं, पान्याचं व्हत नाय! तुजा बांध फोड, नाय तर माजा संसार वाशिंदच्या रुळावर जातोय!"

एवढे सांगितल्यावर कोण थांबणार? झिपरू वळला. कुदळींचे घाव ऐकू आले. आणि त्याच क्षणी दोन सुळक्यांच्या मधून ऊन आत आले.

हे ऊन यमाजीने आयुष्यात पाहिले नव्हते. ते सांडले नाही. ते ताणलेल्या पट्ट्यासारखे आडवे आले, घळीच्या वरच्या ओठाला टेकले आणि खडकावरून खाली उतरू लागले. शेवाळ्याचा एकेक तंतू उजळला. सगळे होते, पाणीच नव्हते.  तरी यमाजीने प्लेट बसवली, चौकटीचे सरक-झाकण ओढले, आणि पितळी भिंगाच्या टोपणावर बोटे ठेवून तो उभा राहिला.

आधी वारा आला, थंड, मातीच्या वासाचा. मग गुरगुर. मग कड्याच्या ओठावरून रात्रभर कोंडलेले पाणी एकदम उसळले आणि उन्हाच्या पट्ट्यात झेपावले. यमाजीच्या तोंडून आरोळी निघाली. भान न राहून त्याने टोपण काढले.

"लाल हाय ओ! लाल पानी!" गिरजा ओरडली.

उशीर झाला होता. फुटलेल्या बांधाची तांबडी माती घेऊन पाणी येत होते, आणि प्लेटेला तांबडे दिसतच नाही. तांबड्या कंदिलाच्या उजेडात प्लेटी धुता येतात त्या याचमुळे. जे डोळ्यांना पेटलेले दिसत होते ते काचेवर डांबरासारखे काळे उतरणार होते. दहा वर्षांचा अनुभव एका उत्साहाच्या झटक्यात वाया गेला. पहिली प्लेट गेली.

आता एकच राहिली. यमाजीने ती बसवली आणि थांबला. थांबणे एवढे अवघड असते हे त्याला त्या दिवशी कळले. ऊन धारेच्या कमरेपर्यंत उतरले होते, पाणी अजून तांबडे होते. मग विटकरी झाले. मग भुरके. ऊन धारेच्या पायाला लागले. खालच्या डोहातून तुषार उठले आणि त्यांत उजेड भरला. पण वरून, सुळक्याच्या बाजूने, सावली सुरू झाली होती. आणि दरीच्या तळाशी ढगाने अंग हलवले होते.

"गिरजे, काय म्हनतेस?"

"थांबा."

"ऊन चाललं गो!"

"थांबा म्हनते ना!"

पाणी स्वच्छ झाले. मधोमध पहिला पांढरा पीळ दिसला, मग दुसरा, मग सगळी धार, कड्यापासून डोहापर्यंत.

"हां!"

यमाजीने टोपण काढले. गिरजा मोजू लागली, खळ्यावर भात मापताना मोजतात तशी, एकाच्या जागी लाभ म्हणून, प्रत्येक आकड्याला पायली भरून ओतण्याइतका वेळ देऊन. "लाभ... दोन... तीन... चार..."

चारला यमाजीने डोक्यावरची काळी टोपी काढली आणि भिंगाच्या वरच्या अर्ध्या भागापुढे धरून हळूहळू हलवत राहिला. आभाळाला चार पुरे होते. पुढचा सगळा उजेड धारेचा. ही युक्ती त्याला कोणी शिकवली नव्हती. डोळ्यांवर ऊन आले की माणूस हात आडवा धरतो, तसाच त्याचा हात गेला.

"सात... आठ..."

आठला टोपण लावायचे असे त्याने ठरवले होते. बोटे उचलली गेली.

"नको!" गिरजा मोजता मोजता म्हणाली. "पातळ येईल. नऊ... धा..."

ऊन जात होते, म्हणून वेळ वाढवायचा होता. वाढवायचा तो किती, हे सांगणारे कोष्टक कल्याणच्या मालकाकडे होते. ते या घळीसाठी कोणी लिहिले नव्हते. गिरजेने इतक्या वर्षांत शेकडो पातळ काचा हाताने धुतल्या होत्या. तिच्या बोटांना जे कळत होते त्यावर यमाजीने आपला सगळा जुगार लावला. घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते, टोपी हलत होती, तुषारांचा पहिला शिडकावा पेटीवर आला.

"पंधरा... सोळा... सतरा. लावा!"

टोपण बसले. सावली धारेवर आली. दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग खुळ्यासारखे हसू लागले.

थोड्या वेळाने झिपरू चिखलाने माखून कातळावर उतरला. त्याचा चेहरा गंभीर होता. "फोटोवालं," तो म्हणाला, "मी टोकावर व्हतो. आजिबात हाललो नाय. हाललं ते पानी. माजा दोष नाय."

ती काच मुरबाडला गोणपाटाआड गिरजेनेच धुतली. तांबड्या उजेडात प्रथम आभाळ आले, राखाडी, मऊ, न पेटलेले. मग धार आली: वेणीसारखी पेड घालून उतरणारी, प्रत्येक पेडाला उजेडाची एक बाजू आणि सावलीची एक बाजू. आणि वर कड्याच्या टोकावर, तांदळाच्या दाण्याएवढा, खांद्यावर कुदळ घेतलेला माणूस आला. साऱ्या चित्रात स्थिर तेवढा तोच होता. त्याच्यामुळेच धार किती उंच आहे ते कळत होते. यमाजी बाहेर उभा होता. गिरजेने आतून नुसते म्हटले, "दाट आलंय." त्याने अंगणात उडी मारली.

मार्गशीर्षात ठाण्याचे प्रदर्शन भरले. ठरल्याप्रमाणे कॅमेरा, तिपाई आणि जत्रेसाठी आणलेल्या नव्या प्लेटी बरोबर नेल्या होत्या. भिमा कॅमेरा कापडात गुंडाळून बाहेरच्या ओसरीत बसला, शेजारी कल्याणचा शेठ. यमाजी आणि गिरजा आत गेले. भिंतीवर राजेमहाराजांच्या, बंगल्यांच्या, फुलदाण्यांच्या तसबिरी होत्या. त्यांची धार सापडायला वेळ लागला. दाराच्या पाखामागे, जिथे दार उघडले की ती झाकली जाई, तिथे ती टांगलेली होती. खाली चिठ्ठी होती. यमाजीने ती वाचली आणि त्याचा रंग उतरला.

"काय लिवलंय?"

"'माथेरान येथील धबधबा. छायाचित्रकार अज्ञात.'"

तो तडक कारकुनाच्या टेबलाशी गेला. अर्ज आपण सहीनिशी केला होता, गावाचे नाव घातले होते, त्याने तावातावाने सांगितले. कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. मुरबाडकडे असला धबधबा असल्याची कोठे नोंद नाही, तो म्हणाला. कमिटीच्या साहेबांनीच दुरुस्ती केली आहे, हरकत असल्यास लेखी अर्ज द्यावा, कमिटी पुढील वर्षी विचार करील. नोंद नाही म्हणून धबधबा नाही! या जिल्ह्यात माणसांचेही हेच होते. नोंद नसलेला माणूस समोर उभा राहून ओरडला तरी तो अज्ञातच राहतो. यमाजीच्या मुठी वळल्या.

गिरजा पुढे झाली. "भाऊसाहेब, माथेरानाचं ऱ्हाऊ द्या. मला येकच सांगा. ह्यो फोटो पास हाय का नापास?"

कारकुनाने वही उलटली. "उत्तेजनार्थ. म्हणजे पासच. पण बाई, नाव अज्ञात आहे, प्रशस्तिपत्र कोणाला देणार?"

"पत्र तुमच्याकडं ठेवा." ती वळली. यमाजी तिच्या मागे, "अगो, पण नाव..." म्हणत निघाला. तिने त्याला ओसरीपर्यंत बोलू दिले नाही.

"दादा, पास झालाय. कॅमेरा इकडं दे."

भिमा उठला. "पेपर कुठाय?"

"पेपरवर तुझा इस्वास, माझ्यावर नाय? आत जाऊन बघ, दारामागं हाय. दार लावून बघ, मंग दिसंल."

भिमा आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याने कापडातली पेटी उचलली आणि यमाजीच्या हातात दिली. मग शेठकडे वळून खाकरला. "शेठ, येवढं पानी म्या कधी बघितलं नव्हतं. आमचं दाजी गँगवर यायचं नाय. कॅमेरा मिळायचा नाय."

शेठ चिडला. कल्याणहून उगाच खेप झाली, सौदा ठरला होता, माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही, असे तो बोलत होता. यमाजीच्या अंगात मात्र वारे भरले होते. नावाचा राग अजून उकळत होता आणि त्याच रागात हातांना काम हवे होते. त्याने भर ओसरीत तिपाई रोवली, भाता ओढला.

"शेठ," गिरजा म्हणाली, "आलाच आहात तर फोटोला बसा. रिकामं कशाला जाताय?"

शेठ थबकला. यमाजी फडक्यात शिरला होता आणि सकाळचे ऊन कोणत्या खांबाआडून येते ते काचेवर बघत होता. शेठने इकडे तिकडे पाहिले, कोटाची गुंडी लावली, आणि बसू कुठे, असे विचारले.